कंदीचा श्वास

कंदी घरी आली त्या रात्री मी जवळजवळ झोपलोच नाही. नोव्हेंबर महिना होता, दिवाळी नुकतीच झालेली, पुण्यात थंडी पडायला लागलेली. पुठ्ठ्याच्या खोक्यात आईची जुनी सुती साडी अंथरून आम्ही तिची जागा केली होती. साडेआठ आठवड्यांचं पिल्लू. आईपासून, भावंडांपासून तोडून आणलेलं. दीड वाजेपर्यंत ती रडत होती. मी खोक्याशेजारी जमिनीवर आडवा झालो, हात आत घातला, तेव्हा कुठे ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकवून शांत झाली. आणि मग घोरायला लागली.

एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज! थंडीत जुनी स्कूटर सुरू होताना करते तसा. मध्येच एखादा ठोका चुकायचा, मग एक मोठा श्वास, आणि पुन्हा तीच घरघर. बायको उठून आली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. मी फोन काढून बावीस सेकंदांचा व्हिडिओ केला आणि सकाळी इन्स्टाग्रामवर टाकला. संध्याकाळपर्यंत ऑफिसातल्या सगळ्यांनी तो पाहिला होता. ‘किती गोड घोरते रे!’ असं निदान तीस जणांनी तरी लिहिलं असेल.

हा लेख त्या बावीस सेकंदांबद्दल आहे.

*

आधी कंदी कशी आली ते सांगतो. माझं बालपण साताऱ्यातलं. गावाकडच्या घरी कुत्रं असायचंच, पण ते कुणी ‘आणलेलं’ नसायचं. ते यायचं आणि राहायचं. मोत्या असाच आला होता. अंगणात पडून राहायचा, उरलेली भाकरी आणि ताक खायचा, रात्री शेतावर जायचा. त्याला कुणी मांडीवर घेतलं नाही आणि साखळीही बांधली नाही. तो म्हातारा झाला आणि एका पावसाळ्यात गेला. आजोबांनी त्याला बांधावर पुरलं.

पुण्यात सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मोत्या येणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला मोत्या नकोच होता, मला पग हवा होता. २००३ साली हचची ती जाहिरात आली तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. एक लहान मुलगा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे मागे जाणारा छोटासा पग. त्या जाहिरातीनंतर देशभर पगची मागणी वाढली. आमच्या घरी तेव्हा मोबाइल नव्हता, पण तो कुत्रा माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. नोकरी लागली, लग्न झालं, घराचे हप्ते सुरू झाले, तेव्हा वाटलं, आता तेवढं एक करू.

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर त्याच महिन्यात एका कुत्रीने पाच पिल्लं घातली होती. वॉचमन मला म्हणालाही, “सर, एखादं न्या की, फुकट आहे.” मी हसलो आणि पुढे गेलो. शहराबाहेरच्या एका ब्रीडरकडे जाऊन बावीस हजार रुपये दिले आणि कंदीला घेऊन आलो. रंग अगदी साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, भाजलेल्या खव्याचा, म्हणून हे नाव.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, हे त्यातलंच. हे मला नंतर कळलं. नोंदणी आहे का, हे मी विचारलं नव्हतं. कंदीची आई कुठे आहे, हेही नाही. फोन घेताना मी आठ दिवस रिव्ह्यू वाचत बसतो. इथे चाळीस मिनिटांत व्यवहार उरकला, कारण तिने माझ्या बुटाची नाडी तोंडात धरली होती.

*

पिल्लू सांभाळणं म्हणजे काय, हे पहिल्या महिन्यात समजलं. दिवसातून चार वेळा खाणं. प्रत्येक खाण्यानंतर, प्रत्येक झोपेनंतर, प्रत्येक खेळण्यानंतर बाल्कनीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर नेऊन उभं करणं, आणि ती तिथे शू न करता आत येऊन गालिच्यावर करते हे पाहणं. दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. पार्वो आणि डिस्टेंपरची लस, तिचे बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीजची. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत, मनुके नाहीत, कांदा-लसूण नाही. आईला यातलं शेवटचं पटकन पटलं. म्हणाली, “म्हणजे चातुर्मास पाळायचा.”

हे कुठल्याही पिल्लाचं झालं. पगचं त्यावर आणखी बरंच असतं. नाकावरची घडी रोज ओल्या कापसाने पुसायची आणि मग कोरडी करायची, नाहीतर तिथे जंतुसंसर्ग होऊन वास यायला लागतो. डोळे बाहेर आलेले, त्यांना सावरायला पुढे नाकच नाही, म्हणून कुंडीतल्या झाडाच्या काटकीनेही बुबुळाला जखम होऊ शकते. आम्ही बाल्कनीतली कोरफड आणि गुलाब शेजाऱ्यांना देऊन टाकले. गळ्यात पट्टा नाही, छातीवरून जाणारा हार्नेस. वजन वाढू द्यायचं नाही. उन्हात न्यायचं नाही. दमू द्यायचं नाही.

ही यादी मी अभिमानाने पाळत होतो. सकाळच्या स्टँडअप मीटिंगला कॅमेरा बंद करून एका हाताने कंदीच्या नाकाची घडी पुसायचो. किती औंस खाल्लं, किती वेळा शी केली, सगळं एका शीटमध्ये लिहायचो. बायको म्हणायची, तू तिचा बाप कमी आणि प्रोजेक्ट मॅनेजर जास्त आहेस. मला ते आवडायचं. आपण एका जिवाची उत्तम काळजी घेतोय, आपण चांगले आहोत, ही भावना फार सुखाची असते.

दुसऱ्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या नाकपुड्या पाहिल्या. नाकपुड्या कसल्या, दोन बारीक चिरा. त्यांनी विचारलं, “घोरते का?” मी हौसेने व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो आवाज ऐकला आणि फोन परत देताना म्हणाले, “हे घोरणं गंमत म्हणून बघू नका. हवा आत घ्यायला तिला जोर लावावा लागतोय. सध्या फार नाही, पण लक्ष ठेवा.”

मी शीटमध्ये एक नवा रकाना वाढवला. झोपेत मिनिटाला किती श्वास. व्हिडिओ मात्र काढून टाकला नाही.

*

एप्रिलमध्ये कंदी सात महिन्यांची होती. पुण्याचा पारा त्या आठवड्यात चाळिशीला टेकला होता. आम्ही सगळी खबरदारी घेत होतो. दिवसभर एसी, फिरणं फक्त सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर. त्या दिवशी संध्याकाळी भाचा आला होता. तो आणि कंदी घरातच चेंडू खेळत होते, दहा मिनिटं, फार तर बारा. वीज गेलेली होती. आम्ही सगळे हसत होतो, कारण ती घसरत घसरत पळत होती.

मग ती थांबली. पुढचे पाय फाकवून उभी राहिली, मान लांब केली. श्वासाचा आवाज घोरण्यासारखा होता, पण आता ती जागी होती. जीभ बाहेर, आणि जिभेचा रंग जांभळट. दोन पावलं चालली आणि कुशीवर पडली.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. बायकोने तिला बाथरूममध्ये नेऊन पोटावर आणि पंजांवर नळाचं पाणी सोडलं. बर्फ नको, असं कुठेतरी वाचलेलं तिला आठवलं. मी सात मजले गाडीची किल्ली मुठीत धरून जिन्याने उतरलो. भाचा मागून विचारत होता, “मामा, माझ्यामुळे झालं का?”

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, आणि जिभेवरून, नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून हवा जाताना जी वाफ होते तिने त्याचं अंग थंड होतं. नाक हा कुत्र्याचा रेडिएटर आहे म्हणा ना. कंदीला तो रेडिएटर जवळजवळ नाहीच. शिवाय धाप टाकणं हेच तिच्यासाठी कष्टाचं काम, त्या कष्टाने अंग आणखी तापतं, आणि तापलं की आणखी धाप. प्रोग्रामिंगमध्ये याला आम्ही अनंत फेरा म्हणतो. तो आपोआप थांबत नाही, बाहेरून थांबवावा लागतो.

दवाखान्यात ऑक्सिजन, सलाइन, एक इंजेक्शन. तासाभराने जीभ गुलाबी झाली. रात्री अकरा वाजता तिने शेपटीचं ते गोल वेटोळं हलवलं आणि माझा अंगठा चाटला. बायको रडली. मी डॉक्टरांना विचारलं, आमचं काय चुकलं? ते म्हणाले, “तुमचं आज काही चुकलं नाही.”

‘आज’ हा शब्द माझ्या मनात राहिला.

*

त्यानंतरचे काही आठवडे मी वाचत होतो. लोक धक्का बसल्यावर देवळात जातात, मी गूगलवर जातो.

पग ही मूळची चीनमधली जात. सोळाव्या-सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेली. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं, त्यात त्याचा पग त्याच्यासोबत बसलेला आहे. ते चित्र स्क्रीनवर मोठं करून मी कंदीच्या शेजारी धरलं. कुत्रा ओळखू येतो, पण त्याला नाक आहे! चांगलं बोटभर पुढे आलेलं. म्हणजे पग ‘असेच असतात’ हे खरं नाही. त्यांना असं केलं गेलं. एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली, १८७३ साली इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, कुठल्या जातीचं कुत्रं कसं दिसावं याची मापं लिहिली गेली. चपट्या तोंडाला बक्षिसं मिळाली, बक्षीस मिळालेल्यांची पिल्लं जास्त विकली गेली, आणि पिढ्यांमागून पिढ्या नाक आत आत जात राहिलं.

अडचण अशी की कवटी आखूड झाली तरी तिच्या आतलं सामान त्या प्रमाणात कमी झालं नाही. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. ते पगलाही येतात, पण दाटीवाटीने, वाकडेतिकडे. टाळूचा मऊ भाग तेवढाच लांब राहतो आणि श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. जीभ तेवढीच जाड. बीएचकेमधलं सामान एका खोलीत कोंबावं आणि दारही अर्धं बुजवावं, तशी गत. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पगना वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या मानाने सुमारे १.९ पट आढळली, आणि आखूड तोंडामुळे होणाऱ्या श्वासाच्या विकाराची सुमारे ५४ पट.

हे कुणी दुष्टाव्याने केलं असतं तर सोपं झालं असतं. पण हे प्रेमाने केलेलं आहे. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं होतं की मोठे डोळे, मोठं कपाळ, गुबगुबीत गाल असा तान्ह्या बाळासारखा चेहरा पाहिला की माणसाच्या मनात आपसूक माया दाटून येते. पगचा चेहरा म्हणजे नेमकी तीच माया खेचून घेण्यासाठी शेकडो वर्षं तासलेली वस्तू. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे ओळखतो. एकच आकडा वाढवायचा ठरवला की तो आकडा वाढतो, आणि बाकीची व्यवस्था गुपचूप मोडत जाते. ‘टेक्निकल डेट’ असा शब्दच आहे आमच्याकडे. आज सोय म्हणून कुणीतरी आखूड रस्ता घेतो आणि त्याचं व्याज पुढे भलताच कुणी भरत बसतो. गोड दिसण्याचं कर्ज माणसाने काढलं. त्याचे हप्ते कंदी भरते आहे, दर श्वासाला एक.

*

आता प्रश्न. मी कंदीवर अन्याय केला आहे का?

उत्तर ‘हो’ असं वाटतं, पण नीट विचार केला की ते हातातून निसटतं. समजा, माझ्यासारख्या कुणीच पग मागितला नसता. तर तो ब्रीडर त्या जोडीची पिल्लं काढता ना. मग कंदी निरोगी जन्मली असती का? नाही, ती जन्मलीच नसती. कुठलंतरी दुसरं कुत्रं जन्मलं असतं, किंवा काहीच नाही. कंदीपुढे दोनच पर्याय होते: असा श्वास घेऊन असणं किंवा नसणं. आणि कंदीचं असणं हे काही दुःखाचा डोंगर नाही. सकाळी ती माझ्या पोटावर उडी मारते. काकडी म्हटलं की कान टवकारते. तिला विचारता आलं असतं तर तिने ‘नसणं’ निवडलं असतं असं मला वाटत नाही. मग जिला या व्यवहारातून आयुष्य मिळालं, तिचंच नुकसान झालं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

या कोड्याला तत्त्वज्ञानात नाव आहे. डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात त्याची सविस्तर मांडणी केली. ज्या निर्णयामुळे एखादी व्यक्ती जन्माला येते, त्याच निर्णयाने तिचं नुकसान झालं असं कसं म्हणता येईल? तो अर्थात माणसांबद्दल लिहीत होता. पण मी ते वाचत होतो तेव्हा पायाशी कंदी घोरत होती, आणि मला ते माणसांबद्दलचं वाटेना.

काही दिवस मी या युक्तिवादाच्या सावलीत आरामात बसलो. नंतर लक्षात आलं, की ही सावली ब्रीडरलाही तेवढीच थंडगार लागेल. उद्या कुणी मुद्दाम याहूनही आखूड नाकाची, याहूनही धापा टाकणारी पिल्लं काढली, तरी तो हेच म्हणेल: नाहीतर ती नसतीच! ज्या युक्तिवादाने काहीही माफ होतं, त्यात कुठेतरी गोम असणार.

गोम मला अशी दिसली. अन्याय व्हायला दरवेळी एखादा ठरावीक फिर्यादी लागतोच असं नाही. निवड ‘कंदी की काहीच नाही’ एवढीच नव्हती. निवड ‘कोणत्या प्रकारचं कुत्रं जन्माला घालायचं’ ही होती. जर्मनीत काही जण पगचा जॅक रसेल टेरियरशी संकर करून पुन्हा नाक असलेले पग तयार करतात. म्हणजे त्याच जागी, त्याच मायेने वाढवायला, नीट श्वास घेणारं पिल्लू येऊ शकत होतं. जाणूनबुजून धापा टाकणारं निवडणं हे चूकच, मग ज्याची निवड झाली तो त्याबद्दल तक्रार करो वा न करो. पार्फिटही साधारण याच दिशेने गेला होता. माझ्या घरी ते जरा उशिरा पोचलं, एवढंच.

पण मग दुसरं टोक टोचायला लागतं. कंदीचा जन्म होणं चूक होती, असं मी म्हणतोय का? हे वाक्य मी तिच्याकडे पाहून म्हणू शकत नाही. मी म्हणत नाही, आणि म्हणायची गरजही नाही. चुकीच्या कारणाने, चुकीच्या रीतीने झालेल्या गोष्टीतून आलेला जीव चुकीचा ठरत नाही. किती माणसं अशी जन्माला आली आहेत, मनाविरुद्धच्या लग्नांतून, मुलगाच हवा म्हणून लागलेल्या रांगेतल्या चौथ्या-पाचव्या मुली म्हणून. आपण त्या रांगेला नावं ठेवतो, त्या मुलीला नाही. ‘तू आहेस याचा आनंद आहे’ आणि ‘तुझ्यासारखं पुन्हा कुणाला आणू नये’ ही दोन्ही वाक्यं एकाच जिवाबद्दल, एकाच दमात खरी असू शकतात. हे पचवायला मला चार महिने लागले.

आईला हे सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिने युधिष्ठिराची गोष्ट काढली. सगळी भावंडं, द्रौपदी वाटेत पडली, शेवटी कुत्रा तेवढा बरोबर राहिला, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर तयार होईना. “पदरात आलेल्याला टाकायचं नाही, बस्स,” ती म्हणाली. “कुणी कशाला जन्माला घातलं, हे तू कशाला खणत बसतोस?”

आईचं बरोबर आहे, पण अर्धंच. युधिष्ठिराच्या मागे आलेला कुत्रा आपल्या पायांनी आला होता, मोत्यासारखा. हिमालय चढून जाण्याइतका त्याचा श्वास धड होता. त्याला आसरा देणं ही युधिष्ठिराची करुणा. कंदीला मात्र आपणच आधी असं घडवलं की एसी, ऑक्सिजन आणि दोन माणसांची चोवीस तास नजर यांच्याशिवाय तिला एक उन्हाळा निघू नये. आणि मग आपण तिला आसरा देतो. आधी निराधार करायचं, मग आधार द्यायचा, आणि वर स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचं! माझ्या त्या शीटमधल्या रकान्यांचा अभिमान इथे गळून पडला. मी जे करत होतो ती दया नव्हती. ती परतफेड होती. परतफेडीला कुणी शाबासकी देत नाही, फक्त ती चुकवली तर बोलतात.

हा फरक शब्दांचा वाटेल, पण वागण्यात पडतो. दया करणारा आपल्या सोयीने थांबू शकतो. देणेकऱ्याला थांबता येत नाही. आणि देणेकऱ्यावर आणखी एक बंधन येतं: त्याने तेच कर्ज पुन्हा काढायचं नसतं, दुसऱ्याला काढायला लावायचं तर नसतंच.

*

मे महिन्यात ब्रीडरचा फोन आला. आवाज अगदी आपुलकीचा. “पहिला हीट झाला का? दुसऱ्या-तिसऱ्याला माझ्याकडचा नर देतो. पिल्लं अर्धी अर्धी. तुमचे पैसे एका वेतात वसूल, सर.” बायको समोरच बसली होती. कंदीची पिल्लं हा विचार तिच्या डोळ्यांत एक क्षण चमकून गेला, आणि माझ्याही. खोटं कशाला बोलू? चार-पाच छोटे पेढे घरभर घरंगळतायत, हे चित्र फार गोड होतं. मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात टीममधल्या एका मुलीने कॅन्टीनमध्ये फोन पुढे केला. पगचं पिल्लू, काळं, सात आठवड्यांचं. तिने त्याच ब्रीडरला टोकन दिलं होतं. आनंदाने म्हणाली, “तुझ्या त्या घोरण्याच्या रीलमुळेच मी घरच्यांना पटवू शकले.”

मला तिला सगळं सांगायचं होतं. जांभळी जीभ, नाकपुड्यांच्या चिरा, ५४ पट. पण माझ्या मांडीवर पग असताना तिला घेऊ नको सांगणं मला ढोंगी वाटत होतं. मी इतकंच म्हणालो, “अगं, त्यांना श्वासाचा त्रास असतो, नीट विचार कर.” ती म्हणाली, “हो, वाचलंय मी, पण तू करतोयस ना मॅनेज?” मी मान हलवली. स्वतःच्या चांगुलपणाची जाहिरात केल्याचं फळ मला त्या मान हलवण्यात मिळालं. मी इतकं उत्तम मॅनेज करत होतो की ते कुणालाही जमेल असं दिसत होतं.

घरी येऊन रील काढून टाकली. त्या रात्री तिला मोठा मेसेज लिहिला, एप्रिलमधल्या संध्याकाळचा सगळा तपशील, दवाखान्याचं बिल, सगळं. शेवटी लिहिलं, मी ढोंगी वाटेन, पण चूक केलेल्या माणसाने ती चूक आहे असं सांगू नये, तर मग कुणी सांगायचं? तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं: “टोकन परत मिळत नाहीये. आणि मी फोटोवर जीव लावून बसलेय रे.” ते पिल्लू आता तिच्या घरी आहे. चांगलं आहे. घडी कशी पुसायची हे मी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ही परतफेडही माझ्याच खात्यात.

*

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर हवा थंड झाल्यावर कंदीचं ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं आणि त्याच भुलीत नाकपुड्या रुंद केल्या. आखूड तोंडाच्या कुत्र्याला भूल देणंच जोखमीचं असतं. ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासाची नळी घशातच ठेवावी लागते. आम्ही तीन तास बाहेरच्या बाकावर बसून होतो. सहीच्या कागदावर ‘मालक’ असं छापलं होतं. मी त्यापुढे नाव लिहिलं.

टाळूचं ऑपरेशन आत्ता नको, गरज पडली तर पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सगळं ठीक झालेलं नाही. पुढचा एप्रिल यायचा आहे, त्यापुढचाही.

टाके निघाल्यानंतरची एक रात्र. बाहेर पाऊस पडत होता. दोन-अडीचला मला अचानक जाग आली. काहीतरी चुकत होतं. काय ते कळायला वेळ लागला: आवाज नव्हता. मी धडपडत उठलो, फोनचा टॉर्च लावला, तिच्या नाकाशी हात नेला. ऊबदार हवा येत होती आणि जात होती. पोट वर-खाली होत होतं. मिनिटाला बावीस. ती शांत झोपली होती, आमच्या घरी आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

मी तिथेच जमिनीवर बसलो. आनंद झाला, पण सोबत आणखी एक गोष्ट होती, ती लपवून उपयोग नाही. मला तो आवाज हवाहवासा वाटत होता. इन्स्टाग्रामवरून मी काढून टाकला असला तरी तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ फोनमध्ये आहे. त्या रात्री मी तो उघडला, आवाज बंद ठेवून पाहिला. खोक्यातलं एवढंसं पिल्लू, माझ्या मनगटावर टेकलेली हनुवटी, आणि प्रत्येक श्वासाला आत ओढली जाणारी छाती. आवाज नसताना ते मुळीच गोड दिसत नाही.